तळ्याचं ताला कुणी केलं?

रसिकहो, आभारांत वेळ घालवत नाही. हा माईक मला पुन्हा मिळणार नाही.

येताना रस्त्यावरची पाटी तुम्ही पाहिलीत. आपल्या तळा गावाचं नाव तिथं ‘ताला’ आहे. इंग्रजी कागद समोर ठेवून कुणीतरी, हे गाव न बघता, त्याचं मराठी केलं. अकरा वर्षं मी अर्ज देतोय. उत्तर एकदाच आलं, त्यातही ‘ताला’च होतं. बारीकसारीक गोष्ट म्हणून काही विद्वान मला समजावतात. ज्यांच्या गावाचं नाव बिघडलं नाही, त्यांना ती बारीक वाटणारच.

या विद्वानांचा दरवर्षीचा ठराव तुम्हाला पाठ आहे: आपल्या तळगडाला भारदस्त नाव द्या. अहो, १६४८ मध्ये महाराजांनी हा गड घेतला, तेव्हापासून तो तळगडच आहे. तोरण्याचं प्रचंडगड झालं, शेजारच्या घोसाळगडाचं वीरगड. लोकांनी ती नावं आदरानं कागदावर ठेवली आणि तोंडात तोरणा, घोसाळगडच राहिला. तिथं तुमच्या ठरावाची काय कथा! ठराव मांडणाऱ्यांपैकी बालेकिल्ल्यापर्यंत किती जण चढलेत, ते त्यांनीच सांगावं. नावं घेत नाही.

उलट जिथं भांडायचं तिथं हे गप्प. खंडाळ्याच्या नागफणीला आपली पोरं अजून ‘ड्यूक्स नोज’ म्हणतात. वेलिंग्टनच्या ड्यूकचं नाक, आणि तेही सह्याद्रीवर! रायगडाला इंग्रजांनी पूर्वेचं जिब्राल्टर म्हटलं, हे आपली पुस्तकं कौतुकानं छापतात. रायरीला परक्याचं प्रशस्तिपत्र कशाला हवं?

लहानपणी आमच्या अंगणात कातकरीवाडीवरचे एक आजोबा करांदे घेऊन यायचे. आई त्यांना भात वाढायची, पण ओटीवर घ्यायची नाही. ते मला आजही बोचतं. एकदा त्यांच्याबरोबर गडाच्या मागच्या अंगानं चढलो. पावलागणिक नाव! पावसाळ्यात पहिलं पाणी फुटतं त्या कातळाला एक, आग्या माशा बसतात त्या कड्याला दुसरं, बाळंतीण टेकली होती त्या धोंड्याला तिसरं. मी दहा वर्षांचा, हातात वही नव्हती. आज त्यातली दोनच नावं आठवतात आणि त्यांचाही उच्चार अर्धवट.

कुड्याच्या लेण्यांत जा. मांदाडच्या खाडीवर २६ लेणी. तिथल्या ब्राह्मी लेखांत एक माळी आहे, एक वैद्य आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. दान दिलं म्हणून त्यांची नावं कोरली गेली, ती अजून वाचता येतात. ज्यांनी अख्ख्या डोंगराला नावं दिली त्या कातकऱ्यांचं एक अक्षर आपल्या नकाशावर नाही. १ जानेवारी १९८१ ला कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला, सगळे शिक्के बदलले. मनात आणलं की सरकारला जमतं.

म्हणून या संमेलनाच्या शिलकीतून दहा वह्या आणि एक रेकॉर्डर घ्या. वाडीवरच्या म्हाताऱ्या माणसांना रोजाचे पैसे देऊन सोबत न्या. ते बोलतील तसंच लिहा, एक काना शुद्ध करू नका. माझं मानधन त्यातच धरा, शालही नको. उद्या सकाळी सात वाजता मी गडाच्या मागच्या वाटेवर उभा आहे. माझं म्हणणं न पटलेल्यांनीही यावं.