मालकी सर्वांची, निगराणी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)



उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची असावीत, हा आपल्या चळवळीचा मूलभूत प्रश्न आहे. आज संगणकाची आज्ञावली हेही उत्पादनाचे साधन झाले आहे. म्हणून तोच प्रश्न तिच्याबाबतही विचारला पाहिजे.

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा हक्क प्रत्येकाला असावा, ही त्यांची भूमिका. १९८९ सालच्या परवान्याने तिला कायद्याचे कवच दिले : जो सुधारणा करून आज्ञावली वितरित करील, त्याने तेच हक्क पुढच्यालाही दिले पाहिजेत. १९९१ साली हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स याने लिनक्सचा गाभा लिहिला व पुढच्याच वर्षी तो या परवान्याखाली आणला. ग्नूची साधने आणि हा गाभा मिळून एक समाईक ऑपरेटिंग सिस्टिम उभी राहिली. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. खाजगी मालकीवाचून काही श्रेष्ठ निर्माण होत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

परंतु एवढ्यावर समाधान मानणे आत्मवंचना ठरेल. लिनक्सच्या गाभ्याचे पुष्कळसे काम आज मोठ्या कंपन्यांचे पगारी अभियंते करतात. भांडवलाला जेथे गरज भासते, तेथे ते पैसा ओतते. भोवतालची लहान साधने मात्र एखाद्या स्वयंसेवकाच्या खांद्यावर राहतात. ‘एक्सझेड’ हे माहिती संक्षिप्त करणारे असेच एक साधन. ते सांभाळणाऱ्याने हे विनावेतन, हौसेचे काम असल्याचे २०२२ साली उघड सांगितले होते. काही अनोळखी नावांनी त्याच्यावर दिरंगाईचा ठपका ठेवला. ‘जिया टॅन’ असे नाव घेतलेल्या कोणीतरी मदतीच्या मिषाने त्याचा विश्वास संपादन केला आणि साधनात चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले, की दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. त्याने कारण शोधले, म्हणून अनर्थ टळला. आज्ञावली खुली होती, म्हणूनच त्याला मुळापर्यंत जाता आले, हे खरे. परंतु तोवर तिकडे कोणी पाहत नव्हते, हेही तितकेच खरे.

गावकीच्या विहिरीवर पाणी सारेच भरतात. गाळ काढण्याची पाळी ठरलेली नसेल, तर विहीर बुजते. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. केरळच्या सरकारी शाळांत मुले मुक्त प्रणालीवर संगणक शिकतात आणि शाळांच्या गरजेनुसार ती घडवण्याचे काम राज्याचीच यंत्रणा करते. ही दिशा योग्य आहे. जे सरकार मुक्त आज्ञावली वापरते, त्याने ती सांभाळणाऱ्यांच्या वेतनाची तरतूद अंदाजपत्रकात केली पाहिजे आणि तिच्यावर नफा कमावणाऱ्या कंपन्यांकडूनही वाटा घेतला पाहिजे, अशी मागणी आपण केली पाहिजे. श्रमाला दाम न देणारी समाईक मालकी ही समाजवादी मालकी नव्हे.