रत्नाच्या अंतरंगातील शिल्प : वॉलेस चॅन यांची अलंकारकला

समकालीन अलंकारकलेत हाँगकाँगच्या वॉलेस चॅन यांना जे स्थान आहे, ते मौल्यवान खड्यांच्या संग्रहामुळे नव्हे, तर कारागिराची अडचण हेच संशोधनाचे निमित्त मानण्याच्या त्यांच्या वृत्तीमुळे लाभलेले आहे. 1956 मध्ये चीनमधील फूचौ येथे जन्मलेले चॅन बालपणीच हाँगकाँगला आले आणि घरच्या गरिबीमुळे शिक्षण अर्धवट सोडून 1973 मध्ये रत्ने कोरण्याच्या कामाला लागले. पाश्चात्त्य शिल्पकला पाहण्याची अन्य सोय नसल्याने त्यांनी तेथील ख्रिस्ती दफनभूमीतील संगमरवरी मूर्तींचा अभ्यास केला; चिनी कोरीवकामाची शिस्त आणि युरोपीय मूर्तीचा घाट यांचा त्यांच्या कामातील संगम या काळापासूनचा आहे.

या संगमाचे पहिले मोठे फळ म्हणजे 1987 मधील ‘वॉलेस कट’. यात पारदर्शक रत्नाच्या पाठीमागून आत खोलवट चेहरा कोरला जातो आणि पैलूंची मांडणी अशी योजली जाते की, परावर्तनामुळे एकाच चेहऱ्याचे अनेक चेहरे दिसू लागतात. समोरून पाहताना उजवे ते डावे आणि खोल ते उंच भासत असल्याने कारागिराला सगळा विचार उलट्या क्रमाने करावा लागतो. शिवाय वेगाने फिरणाऱ्या सुईच्या उष्णतेने रत्न तडकू नये म्हणून कोरणी थंड पाण्याखाली चालते. पाण्यात नीट दिसत नाही, त्यामुळे एक रेघ कोरून रत्न बाहेर काढायचे, पुसायचे, तपासायचे आणि पुन्हा पाण्यात धरायचे, असा क्रम अखंड सुरू राहतो. बाजारात योग्य हत्यार मिळेना, तेव्हा दंतवैद्याच्या यंत्रात फेरफार करून त्यांनी ते स्वतः घडवले.

नव्या शतकाच्या आरंभी चॅन यांनी काही महिने बौद्ध भिक्षूचे जीवन स्वीकारले आणि जवळचे सर्व काही सोडून दिले. परतल्यावर सोन्यासाठी भांडवल नव्हते, म्हणून ते तांबे, पोलाद अशा साध्या धातूंकडे आणि पुढे टायटॅनियमकडे वळले. हा धातू सुमारे 1,668 अंश सेल्सिअसला वितळतो, वाकवला तर मूळ आकाराकडे परत येऊ पाहतो आणि तापवताना हवेतील प्राणवायूशी संयोग पावतो. त्यामुळे सोनाराच्या नेहमीच्या पद्धतीने त्यावर डाक लावता येत नाही. मात्र त्याची घनता सोन्याच्या चतुर्थांशाहूनही कमी असल्यामुळे खांद्यावर मिरवता येईल एवढे मोठे फुलपाखरूही अंगावर हलके राहते, तर विद्युत्प्रक्रियेने पृष्ठभागावरील ऑक्साइडच्या थराची जाडी बदलली की निळा, जांभळा, हिरवा असे रंग धातूतच प्रकटतात.

2012 मध्ये पॅरिसच्या पुरावस्तू द्वैवार्षिकीत चॅन यांचे काम मांडले गेले, 2018 मध्ये त्यांनी अलंकारांसाठी विशेष कणखर पोर्सेलेन सादर केले आणि पुढे त्यांचे एक फुलपाखरू ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात दाखल झाले. दागिन्याचे मोल सोन्याच्या वजनावर ठरवण्याची सवय जगभर मुरलेली असताना, प्रकाश, रंग आणि हलकेपणा हीदेखील अलंकाराची संपत्ती आहे, हे त्यांनी हाताने घडवून सिद्ध केले, आणि म्हणूनच त्यांच्या कारकिर्दीचा विचार केवळ विलासवस्तूंच्या नव्हे, तर शिल्पकलेच्या इतिहासात व्हायला हवा.