थकव्यामागचे मूत्रपिंड



आम्ही बँकेत आकडे मांडणारे. म्हणून रक्ताच्या अहवालातील आकड्यांविषयीच बोलतो. आपल्या जिल्ह्यातील संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांतील खारपाणपट्ट्याच्या अनेक गावांनी मूत्रपिंडाच्या आजाराने माणसे गमावली आहेत. हा आजार बहुधा दुखत नाही, म्हणून उशिरा कळतो.

मूत्रपिंड रक्त गाळते, तसेच एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक तयार करून अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवण्याचा निरोप देते. ते खचले की युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम, फॉस्फरस रक्तात साचू लागतात. कॅल्शियम व हिमोग्लोबिन उतरते. माणूस थकतो, त्याला दम लागतो. आणि आपण अशक्तपणा समजून टॉनिक पाजत बसतो.

केवळ क्रिएटिनिनवर विसंबू नये. मूत्रपिंडाचे जवळजवळ निम्मे काम बंद पडेपर्यंत तो आकडा पुष्कळदा ठीकच दिसतो. म्हणून मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी रक्ताबरोबर लघवीतील प्रथिनांचीही तपासणी करावी. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

विद्यार्थी मित्रहो, घरातील वडीलधाऱ्यांचा अहवाल तुम्ही वाचा व त्यांना डॉक्टरांकडे न्या. शिकलेल्याचे घरावर एवढे तरी ऋण आहेच.