हौशी कार्याची घटना आणि जमाखर्च

संगणकाच्या क्षेत्रांत एक विलक्षण दानधर्म चालूं आहे. कोणी तरुण रात्रीं जागून एखादी प्रणाली तयार करतो आणि तिची मूळ संहिता सर्वांना वाचावयास, वापरावयास व सुधारावयास मोकळी ठेवतो. यालाच मुक्तस्रोत म्हणतात. जालन्यांतील माझे दोन जुने विद्यार्थी मराठी शुद्धलेखन तपासणारी अशी प्रणाली करीत आहेत. त्यांनीं मला विचारलें, "गुरुजी, लोक देणगी देऊं म्हणतात, ती घ्यावी कोणाच्या नांवानें?"

प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं. २०१४ सालीं 'हार्टब्लीड' नांवाचा दोष उघडकीस आला. तेव्हां जगास कळलें कीं, असंख्य व्यवहारांची गुप्तता ज्या 'ओपनएसएसएल'वर अवलंबून होती, त्याला देणग्यांतून वर्षाकाठीं सुमारें २,००० डॉलरच मिळत होते!

आपल्याकडील उदाहरणही बोलकें आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून स्वयंसेवक लिहीत आले आहेत. त्याचा यंत्रसंभार सांभाळणारें विकिमीडिया प्रतिष्ठान अमेरिकेंत आहे. येथील स्वयंसेवकांनीं २०११ सालीं बंगळूर येथें संस्था नोंदवून त्याची शाखा म्हणून मान्यता मिळविली. २०१९ सालीं ती मान्यता गेली. परकीय निधि कायदेशीर रीतीनें घेण्याची सिद्धता नसणें, हें त्याचें एक कारण होतें. लेखन थांबलें नाहीं, पण देशांतील संस्थेचा आधार सुटला.

महाराष्ट्रांतील रूढ मार्गांपैकीं दोन असे. १८६० च्या कायद्यानें सात जण मिळून संस्था नोंदवितात. तिची नोंद १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीं धर्मादाय आयुक्तांकडेही करावी लागते. दुसरा मार्ग २०१३ च्या कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाचा. तींत नफा वांटून घेतां येत नाहीं.

गंमत अशी कीं, काम करणारे दोन आणि कागदावर हवेत सात. मग मामा-मेव्हण्यांचीं नांवें घालण्याचा मोह होतो. माझ्या मतें खरी परीक्षा या पांच जणांचीच आहे. एक जमाखर्च जाणणारा असावा, एक ती प्रणाली रोज वापरणारा छापखान्यांतला मनुष्य असावा, आणि निदान एकास नाहीं म्हणतां यावें. संहितेंत काय घ्यावें हें करणाऱ्यांनीं ठरवावें. पैशाचा निर्णय मात्र मंडळाचा. प्रणालीचें नांव, संकेतस्थळ आणि त्यांचे परवलीचे शब्द संस्थेच्या ताब्यांत असावेत. एक तरुण नोकरीनिमित्त परदेशीं गेला म्हणजे सारें काम कुलुपांत पडावें, हें बरें नव्हे.

परकीय देणगीकडे आरंभींच डोळे लावूं नयेत. तिच्या नोंदणीसाठीं सामान्यतः तीन वर्षांचें कार्य आणि त्या काळांत १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. दुसऱ्या नोंदलेल्या संस्थेच्या छत्राखालीं ती घ्यावी, तर २०२० च्या दुरुस्तीनें अशी रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळविणेंही बंद झालें आहे.

त्यापेक्षां वापरणाऱ्यांकडेच जावें. शंभर छापखान्यांनीं आणि शाळांनीं वर्षाला पांचशें रुपये दिले, तर पन्नास हजार होतात. यंत्राचें भाडें आणि हिशेबतपासनिसाचें मानधन यांना तेवढ्यांत हातभार लागेल. पावती मात्र पहिल्या पांचशें रुपयांपासूनच फाडावी.