वही भरली म्हणजे

(रामघाट, उज्जैन येथील मराठी वाचक-मेळाव्यातील भाषण)



इथे घाटावर तीर्थपुरोहितांकडे गेलात, तर ते आधी विचारतात, गाव कोणतं, कुळ कोणतं? मग वही उघडते. माझ्या पणजोबांची मोडीतली सही मी अशाच एका वहीत पाहिली. वही भरली की नवी वही बांधतात, पण जुनी टाकून देत नाहीत. आज मला याच वहीबद्दल बोलायचं आहे, फक्त माझी वही विजेवर चालते.

निवृत्तीनंतर मी घरातले मोडी कागद स्कॅन करू लागलो आणि वडीलधाऱ्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करू लागलो. उज्जैनचं आपलं मराठी, त्यात मिसळलेली माळवी, हे पुस्तकांत नाही, माणसांच्या तोंडी आहे. सगळं साठवायला घरच्या नेटवर्कवर एक पेटी बसवली. तिच्यात चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्क होत्या, एकीवरचं सगळं दुसरीवरही उमटे. म्हणजे जागा आठची नव्हे, चारचीच.

ती का भरली, याचा हिशेब सोपा आहे. ए-फोर आकाराचं एक पान ६०० डीपीआयने रंगीत आणि न दाबता साठवलं, तर सुमारे १०४ मेगाबाइट होतात. दहा हजार पानांना एक टेराबाइटहून थोडं अधिकच लागतं.

जागा वाढवायची रीत अशी. एक जुनी डिस्क काढायची, आठ टेराबाइटची नवी घालायची, आणि उरलेल्या जुनीवरून नवीवर नक्कल पूर्ण होऊ द्यायची. मग दुसरी बदलायची. दोन्ही मोठ्या झाल्याशिवाय जागा वाढत नाही, कारण जोडीची क्षमता लहान डिस्कवर ठरते. दुसरी बदलल्यावरही साठवणीचा भाग वाढवण्याची आज्ञा बहुधा स्वतंत्रपणे द्यावी लागते.

नक्कल होत असताना मात्र आपल्याकडे एकच पूर्ण प्रत असते. मी काढलेली पहिली डिस्क घाईने पुसून दुसऱ्या कामाला लावली. त्याच रात्री उरलेली जुनी डिस्क काही ठिकाणी वाचता येईना. अकरा ध्वनिमुद्रणं उघडेनात. दहांच्या प्रती इंदूरला भाचीकडे होत्या, म्हणून परत मिळाली. अकरावं माझ्या आत्याचं होतं, जात्यावरच्या ओव्यांचं. आत्या आता नाही.

चूक यंत्राची नव्हती, माझी होती. जोडीतली दुसरी डिस्क यंत्र बिघडलं तर सांभाळते, पण आपण पुसलेलं ती सांभाळत नाही, चोरी किंवा आग तर नाहीच. पावसाळ्यात क्षिप्रा चढली की या घाटावरची लहान देवळं पाण्यात जातात, हे आपण पाहतो. म्हणून तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. जागा वाढवण्याआधी बाहेरची प्रत उघडून पाहा. काढलेली डिस्क, काम तपासून होईपर्यंत, चिठ्ठी लावून कपाटात ठेवा.

आणि शेवटचं. नुसती जागा वाढवून भागत नाही. ‘स्कॅन ००४७’ या नावाच्या फाइलीत काय आहे, ते माझ्यामागे कोण सांगणार? पुरोहितांची वही टिकते, कारण तिच्यात गावाने आणि कुळाने शोधता येतं. शिक्षकांनो, विद्यार्थ्यांना एवढं तरी शिकवा: फाइलीच्या नावात माणूस, गाव आणि साल लिहायचं.

आज घरी गेल्यावर एका वडीलधाऱ्या माणसाचा आवाज मुद्रित करा. आणि झोपण्यापूर्वी त्याची एक प्रत दुसऱ्या गावी पाठवा.