यंत्र वीस वर्षांचं, पैसा वर्षाचा



स्वागत समितीच्या वतीनं आपणा सर्वांचं कोल्हापुरात मनापासून स्वागत. विकसनशील देशांतले कारखाने गुंतवणुकीसाठी पैसा उभा करतात तरी कसा, हा या परिषदेचा विषय आहे. मी पेशानं फाउंड्रीवाला. या विषयावर मी आजवर काही लिहिलेलं नाही, फक्त सह्या केल्या आहेत. तेव्हा बोलण्यात शास्त्र कमी आणि अनुभव जास्त निघाला, तर पाहुण्यांनी सांभाळून घ्यावं.

गावाचं कौतुक करणं हे स्वागताध्यक्षाचं कर्तव्यच. ते मी विषयाला धरूनच करतो. १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली आणि १९०६ साली शाहू मिलची पायाभरणी केली. उद्योगामागं संस्थान उभं राहिलं. १९१० साली इथून जवळच, पण औंध संस्थानात, किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावची जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजेसाहेबांनी माळरान दिलं आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. माणूस बघून पैसे दिले. आमच्याकडं ही गोष्ट प्रत्येक सत्कार समारंभात सांगितली जाते आणि टाळ्याही पडतात. पण माणूस बघून पैसे देणारा राजा सगळ्यांच्या नशिबात नसतो.

टाटांची गोष्ट याहून वेगळी. पोलाद कारखान्याचं भांडवल त्यांनी आधी लंडनच्या बाजारात मागून पाहिलं. तिथं दाद लागेना, तेव्हा १९०७ साली मुंबईत शेअर काढले आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी ते भांडवल उभं करून दिलं. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कारखाना उभारायला पैसा मिळाला, तो चालवायला वेगळा लागणार होता. त्या खेळत्या भांडवलासाठी कर्जरोखे काढले, ते सगळेच्या सगळे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतले. म्हणजे उभारणीचा पैसा निराळा आणि रोज फिरवायचा पैसा निराळा, हा हिशोब शंभर वर्षांपूर्वीही चोख होता. आज आमच्याकडं नेमकी त्याचीच सरमिसळ झाली आहे, आणि मला मुख्यतः तेवढंच सांगायचं आहे.

त्याआधी प्रवरानगरचा उल्लेख केल्याशिवाय पुढं जाववत नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०च्या सुमारास उभा केलेला सहकारी साखर कारखाना हा अर्थपुरवठ्याच्या दृष्टीनं बघितला, तर फार हुशारीचं काम आहे. शेतकऱ्यांचे शेअर, सरकारचं भागभांडवल आणि औद्योगिक वित्त महामंडळाचं लांब मुदतीचं कर्ज. पुढं सहकारी कारखान्यांनी त्यात उसाच्या बिलातून कापलेल्या ठेवींची भर घातली. नवी मिल हवी, डिस्टिलरी हवी, की टनामागं काही रुपये कापले. त्यातल्या काही ठेवींचं नावच ‘बिनपरतीच्या ठेवी’. सभासदांनी या कपातीवर सर्वसाधारण सभांत किती आरडाओरडा केला, हे या सभागृहातल्या अर्ध्या लोकांनी ऐकलेलं असेल. तरी कबूल करायला हवं, की एरवी लग्नात आणि जमिनीत गेला असता तो पैसा यंत्रात गेला, आणि उद्या परत द्या म्हणून कुणी दारात उभं राहणार नव्हतं. सरकारी थकहमीचं पुढं जे झालं, त्यावर बोलायला मला स्वागत समितीनं मनाई केली आहे.

आता अभ्यासकांसाठी एक तक्रार. कंपनी आधी स्वतःचा नफा वापरते, मग कर्ज काढते आणि अगदी नाइलाज झाला तर शेअर विकते, ही क्रमवारी पुस्तकांत रूढ आहे. केंब्रिजचे अजित सिंग आणि जावेद हमीद यांनी १९९२ साली दाखवलं, की विकसनशील देशांतल्या मोठ्या कंपन्या हा क्रम पाळत नाहीत. त्या बाहेरच्या पैशावर, आणि त्यातही नव्या शेअरांवर, बऱ्याच जास्त वाढतात. अभ्यास मोलाचा आहे. पण तो शेअर बाजारात नोंद असलेल्या बड्या कंपन्यांचा. इथं शिरोलीच्या रस्त्यावर तुम्हाला जे पत्र्याचे शेड दिसतील, त्यांतल्या बहुतेकांचा शेअर बाजाराशी संबंध मालकानं घेतलेल्या चार शेअरांपुरताच. आमची क्रमवारी अजून कुणी नीट मांडलेली नाही. मी मांडून बघतो.

समजा, नवी मोल्डिंग लाइन घ्यायची आहे. बँक पाच-सात वर्षांचं टर्म लोन देते, पण पाव हिस्सा मार्जिन तुमचं. ते कुठून येतं? थोडं नफ्यातून. थोडं मेहुण्याकडून, आईच्या मुदतठेवीतून, बायकोच्या दागिन्यांतून. ताळेबंदात हे सगळे नातेवाईक ‘असुरक्षित कर्जे’ या एका ओळीत गोळा होतात. बँक ती रक्कम मालकाच्याच भांडवलासारखी धरते आणि आमचं कर्ज फिटेपर्यंत ती काढणार नाही, असं लिहून घेते. मेहुण्याला हे कुणी सांगत नाही. एवढ्यानंही भागलं नाही, की पिग आयर्नवाल्याचं बिल महिनाभर लांबवायचं, जॉबवर्कवाल्याला ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणायचं आणि उरलेली खिंड सीसीतून भरायची. सीसी म्हणजे कॅश क्रेडिट. ते कच्च्या मालासाठी असतं, दरवर्षी त्याचं नूतनीकरण होतं आणि बँकेनं मागितलं तर केव्हाही परत द्यावं लागतं. यंत्र वीस वर्षं चालणार आणि त्याच्या पायात वर्षाचा पैसा.

मंदी आली, की यातली खरी अडचण उघडी पडते. सीसीतून किती उचलता येईल, ते दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ठरतं. ऑर्डरी कमी झाल्या, की माल कमी, येणी कमी, म्हणून उचल कमी. त्यात मोठ्या गिऱ्हाइकानं पैसे तटवले आणि येणं नव्वद दिवसांपलीकडं गेलं, की बँक सहसा ते हिशोबातच धरत नाही. ज्या महिन्यात पैशाची सर्वांत जास्त गरज, त्याच महिन्यात हात आखडतो. कायदा आमच्या बाजूनं आहे. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्यानं बिल चुकतं करायला पंचेचाळीस दिवसांची मर्यादा घातली आहे आणि उशीर केला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. पण ज्याच्यावर दावा लावायचा, त्याच्याकडूनच पुढची ऑर्डर घ्यायची असते. २०१७पासून बिलं विकण्याचे ऑनलाइन मंच निघाले, ते चांगले आहेत. तिथंही मोठ्या कंपनीनं ते बिल मान्य करावं लागतं.

हे असं का झालं? माझं मत थोडं जुन्या वळणाचं आहे. १९४८ साली औद्योगिक वित्त महामंडळ, १९५५ साली आयसीआयसीआय, १९६४ साली आयडीबीआय आणि राज्याराज्यांची वित्त महामंडळं, अशी लांब मुदतीचा पैसा देणारी एक फळी आपण उभी केली होती. त्यांत वशिला होता, दिरंगाई होती, सगळं होतं. पण यंत्राचं आयुष्य आणि कर्जाची मुदत यांचा मेळ घालणं हे त्यांचं कामच होतं. आर्थिक सुधारणांनंतर त्यांचा स्वस्त पैसा आटला. २००२ साली आयसीआयसीआय आपल्याच बँकेत विलीन झाली, २००४ साली आयडीबीआय स्वतः बँक झाली. लांब मुदतीचं ओझं मग ठेवींवर चालणाऱ्या व्यापारी बँकांच्या अंगावर पडलं. पोलाद, वीज आणि रस्त्यांच्या बड्या प्रकल्पांना त्यांनी ते वाटलं आणि मार्च २०१८मध्ये बँकांची थकीत कर्जं अकरा टक्क्यांवर गेली. तेव्हापासून शाखेतल्या साहेबाची सही अडखळते. छोट्यांच्या विनातारण कर्जांसाठी हमी योजना २००० सालापासून आहे, तिची मर्यादा आता दहा कोटींवर गेली आहे, आणि तरीही ‘घराचे कागद घेऊन या’ हे वाक्य आमच्यापैकी अनेकांना पाठ आहे.

ब्राझीलनं १९५२ साली काढलेली विकास बँक अजून चालवली आहे. तिच्या स्वस्त व्याजदरावर तिथं कडाक्याची भांडणं होतात, पण बँक आहे. कोरियाचं उदाहरण मात्र आपल्याकडं अर्धंच सांगतात. सरकारच्या सांगण्यावरून दिलेल्या स्वस्त कर्जांवर तिथं जहाजं आणि पोलाद उभं राहिलं, हे खरं. १९९७ साली संकट आलं, तेव्हा बड्या उद्योगसमूहांचं कर्ज भांडवलाच्या चौपट-पाचपट झालेलं होतं, हा उरलेला अर्धा भाग. कोरियाहून आलेल्या पाहुण्यांनी तो आम्हाला सविस्तर सांगावा.

‘छोट्यांना कर्ज दिलं, तर ते जुनी देणी फेडतात, उत्पादन कुठं वाढतं?’ असा एक आक्षेप असतो. अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर ड्युफ्लो यांनी त्याचा छडा आपल्याच देशातल्या एका नियमबदलावरून लावला. १९९८ साली बँक कर्जासाठीच्या प्राधान्य क्षेत्राची मर्यादा यंत्रसामग्रीच्या पासष्ट लाखांवरून तीन कोटींवर नेली आणि २००० साली ती पुन्हा एक कोटीवर आणली. मधल्या काळात ज्या कारखान्यांना नव्यानं कर्ज मिळालं, त्यांनी विक्री वाढवली, नफाही वाढवला. आम्हाला हे कुणीही चहाच्या टपरीवर सांगितलं असतं. पण टपरीवरच्या बोलण्यावर रिझर्व्ह बँक परिपत्रक काढत नाही, म्हणून तुम्ही लोक हवेत.

उद्या दुपारी आपण शिरोलीतल्या फाउंड्र्या पाहायला जाणार आहोत. बस अडीचला इथूनच सुटेल. पायांत बंद बूट असू द्या, वाळू तापलेली असते. मालकाला नफा किती, असं विचारू नका, तो खरं सांगणार नाही. सीसीचं नूतनीकरण कुठल्या महिन्यात असतं आणि शेवटचं यंत्र घेताना मार्जिन कुणी दिलं, हे विचारा. त्याची उत्तरं परवाच्या समारोपात ऐकायला आवडतील. राहण्या-जेवणात काही कमी-जास्त झालं, तर समितीचे कार्यकर्ते पिवळा बिल्ला लावून फिरत आहेत, त्यांना हक्कानं बोला.

अध्यक्षमहोदय, माझी वेळ संपली. उद्घाटकांना मी भाषणाची विनंती करतो.