हरणाऱ्याच्या पैशावरची दलाली



हैदराबादेतील मराठी माणसांच्या या जुन्या शाळेने दिवंगत गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी मला पाचारण केले, याबद्दल मी कृतज्ञ आहे. गुरुजी गणित शिकवीत. उत्तर बरोबर आले तरी रीत चुकली असेल तर ते गुण देत नसत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. माझा आजचा विषयही एका हिशेबाचाच आहे.

द्यूत आपल्याला नवे नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याचा विलाप आहे, आणि महाभारतातील द्यूतसभा तर आबालवृद्धांना ठाऊक आहे. त्या सभेचा विचार करताना आपली दृष्टी शकुनीवर खिळते. पण युधिष्ठिराकडे निमंत्रण घेऊन गेला तो विदुर. आपल्याला धृतराष्ट्राने पाठविले आहे हे त्याने लपविले नाही, आणि द्यूत हे अनर्थाचे मूळ आहे हेही त्याने स्पष्ट सांगितले. निमंत्रण देणाऱ्याचा धर्म कोणता, याचा तो आदर्श होय. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, ते निमंत्रक नेमके याच्या उलट वागतात.

ऑनलाइन जुगाराच्या व्यवसायात त्यांना ‘अ‍ॅफिलिएट’ म्हणतात. आपल्या साध्या भाषेत दलाल. त्यांचे स्वतःचे जुगारघर नसते. ते संकेतस्थळ चालवितात, क्रिकेटचे अंदाज सांगतात, टेलिग्रामवर गट उघडतात, आणि प्रत्येक ठिकाणी एक खुणेचा दुवा ठेवतात. त्या दुव्यावरून गेलेला माणूस कायमचा त्यांच्या खाती जमा होतो. मोबदल्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एकीत प्रत्येक नव्या गिऱ्हाइकामागे ठरलेली रक्कम मिळते. दुसरीत त्या गिऱ्हाइकाच्या निव्वळ तोट्यातील हिस्सा मिळतो.

ही दुसरी रीत फळ्यावर मांडून पाहू. युरोपीय रुलेटच्या चक्रावर ३७ घरे असतात, आणि मोबदला मात्र ३६ घरे असल्याप्रमाणे मिळतो. शंभर रुपयांचा डाव हजार वेळा खेळणारा माणूस एकूण एक लाख रुपये पणाला लावतो, आणि सरासरीने त्यातील सुमारे २,७०० रुपये गमावतो. दलालाचा हिस्सा तीस टक्के धरला, तर त्याला सुमारे ८१० रुपये मिळतात. खेळणारा जितका हरेल तितकी दलालाची मिळकत वाढते. तो जिंकला, तर दलालाच्या हाती काही पडत नाही. मटक्याची चिठ्ठी घेणारा निदान गोळा केलेल्या पैशावर दलाली घेई, आणि त्याचा चेहरा साऱ्या गल्लीला माहीत असे. येथे मित्र म्हणून सल्ला देणाऱ्याचे हित आपल्या पराभवात गुंतलेले असते, आणि ते आपल्याला कोणी सांगत नाही. साऱ्या अनीतीचे मूळ या लपविण्यात आहे.

या मुळातून फुटलेल्या तीन फांद्या सांगतो.

पहिली, खोट्या कथेची. २०१७ साली ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने एका दलालाच्या जाहिरातीबद्दल चार जुगार कंपन्यांना दोषी धरले. ती जाहिरात बातमीच्या रूपात होती. कर्जात बुडालेला, पत्नीच्या आजाराने खचलेला एक माणूस ऑनलाइन जुगारात जिंकतो आणि संकटातून सुटतो, अशी ती कथा होती. दुःखी माणसाला हेरून त्याच्यासमोर हे आमिष टाकले गेले.

दुसरी फांदी खोट्या भविष्याची. समजा, एका दलालाकडे ६,४०० जण आहेत. निम्म्यांना तो सांगतो की अमुक संघ जिंकेल. उरलेल्यांना सांगतो की तो हरेल. ज्यांच्याबाबत भाकीत खरे ठरले, त्यांनाच पुढच्या सामन्याचा अंदाज पाठवितो, पुन्हा निम्मा-निम्मा. सहा सामन्यांनंतर १०० माणसे अशी उरतात, की ज्यांना सहाही वेळा अचूक भाकीत मिळाले. त्यांना तो त्रिकालज्ञ वाटतो. वगळलेली ६,३०० माणसे त्यांना दिसत नाहीत. विद्यार्थी मित्रहो, संभाव्यतेचा धडा परीक्षेपुरता नसतो तो यासाठी.

तिसरी फांदी मला सर्वांत क्रूर वाटते. ब्रिटनमध्ये ‘गॅमस्टॉप’ नावाची व्यवस्था आहे. जुगाराच्या व्यसनातून सुटू पाहणारा माणूस तेथे आपले नाव नोंदवितो, आणि परवानाधारक संकेतस्थळांची दारे त्याला बंद होतात. काही दलाल, या व्यवस्थेत नसलेल्या संकेतस्थळांच्या याद्याच प्रसिद्ध करतात. स्वतःच्या हाताने लावलेली कडी दुसऱ्याने बाहेरून काढावी, तसा हा प्रकार आहे.

मग उत्तरदायी कोण? कंपनी म्हणते, ते आमचे नोकर नाहीत. ब्रिटनच्या जुगार आयोगाने हा बचाव मानला नाही. कंपनीच्या व तिच्या दलालांच्या फसव्या जाहिरातींबद्दल त्याने २०१७ साली एका कंपनीला ३ लाख पौंडांचा दंड केला. २०१८ साली दुसरीला ६ लाख पौंडांचा दंड झाला, त्यातही अशा जाहिरातींचा दोष होता. एका मोठ्या कंपनीने तर २०१७ मध्ये ब्रिटनमधील आपली दलालव्यवस्थाच बंद केली.

आपल्याकडेही हा प्रश्न जुना आहे. बंगळूरच्या एका वृत्तपत्रातून चालणाऱ्या बक्षीसस्पर्धेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली निर्णय दिला की, जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे. त्या स्पर्धेसाठीही मुंबई राज्यात पैसे गोळा करणारे स्थानिक हस्तक होतेच. तेलंगणाने २०१७ साली कायदा दुरुस्त करून ऑनलाइन जुगारावर बंदी घातली. तरीही मार्च २०२५ मध्ये आपल्याच शहरात पोलिसांना सट्ट्याच्या अ‍ॅपांचा प्रचार केल्याबद्दल अभिनेते व समाजमाध्यमांवरील प्रसिद्ध व्यक्तींविरुद्ध गुन्हे नोंदवावे लागले. दोष ठरविणे न्यायालयाचे काम आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यात, पैशांच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, हे मला विवेकाचे वाटते.

परंतु कायद्याचा हात परदेशातील संकेतस्थळापर्यंत पोहोचेतो घर बुडालेले असते. म्हणून पालकांना विनंती, की मुलगा हरला तर त्याला घरी सांगण्याची भीती वाटू नये. हरलेले भरून काढण्यासाठी पुन्हा खेळणे आणि त्यासाठी कर्ज काढणे, हे सारे या भीतीपोटी वाढते. शिक्षकांना विनंती, की वर सांगितलेली दोन्ही उदाहरणे वर्गात सोडवून घ्यावीत.

आणि विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्यापैकीच कोणाला विचारले जाईल: तुझे मित्र पुष्कळ आहेत, हा दुवा त्यांना पाठव, घरबसल्या पैसे मिळतील. त्या वेळी ते पैसे कोणाच्या खिशातून येणार आहेत, एवढाच प्रश्न विचारा. ज्या मिळकतीचा उगम मित्राला सांगता येत नाही, तिची रीत चुकलेली आहे. आणि अशा उत्तराला गुरुजींनी गुण दिले नसते.